संकोची लेखकाने ऑनलाइन खरे कसे लिहावे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

स्वभावाने संकोची असलेली पुष्कळ माणसे चांगले लिहितात आणि लिहिलेले फोनच्या नोट्समध्ये ठेवून देतात. मग एखाद्या रात्री मन भरून येते, साडेअकराच्या सुमारास सगळा मजकूर एका दमात फेसबुकवर जातो, पहाटे जाग येताच तो घाईघाईने काढून टाकला जातो आणि त्यानंतर वर्षभर काहीच लिहून होत नाही. नवोदितांचे मजकूर वाचून देण्याच्या निमित्ताने हा प्रकार मी इतक्यांच्या बाबतीत पाहिला आहे की यात धैर्याची उणीव फारशी नसते, पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो, असे माझे स्पष्ट मत बनले आहे. आधी प्रकाशन, मग वाचकांचा विचार, मग नातेवाइकांची आठवण आणि सर्वांत शेवटी मजकुराचे पुनर्वाचन, असा तो उलटा क्रम असतो. पडद्याआड बसलेला माणूस समोरासमोर बोलला नसता ते सहज बोलून जातो, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली सविस्तर मांडले होते. संकोची माणसाला त्या क्षणी वाटणारा मोकळेपणा खरा असला, तरी तो सकाळपर्यंत टिकेलच याची खात्री नसते.

खाली दिलेल्या पायऱ्या पहिल्या लेखासाठी दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होतात. पुढच्या लेखांना कमी वेळ लागतो, पण क्रम बदलू नये. ‘खरे लिहिणे’ म्हणजे स्वतः पाहिलेले व भोगलेले स्वतःच्या भाषेत, ‘मी’ असे म्हणून, नेमक्या तपशिलांसह लिहिणे, एवढाच अर्थ येथे घेतला आहे. सगळे सांगून टाकणे त्यात येत नाही. उदाहरणासाठी एकच काल्पनिक लेखक बहुतेक ठिकाणी वापरतो: लातूरकडचा एक तरुण, ज्याने पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन, अभ्यासिका आणि मेस यांच्या फेऱ्यांत सहा वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला, निवड न होता तो गावी परतला आणि आता त्याविषयी लिहू इच्छितो.

### १. भीती कागदावर उतरवा आणि तिची वर्गवारी करा

लेखनाला हात घालण्याआधी एका कोऱ्या कागदावर पुढील वाक्य पूर्ण करावे: ‘हे प्रसिद्ध झाले तर अमुक माणूस वाचेल आणि अमुक करेल.’ माणसाचे नाव आणि त्याची कृती, दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. ‘लोक काय म्हणतील’ असे लिहून भागत नाही, कारण त्या ‘लोकां’वर काहीच उपाय करता येत नाही. आपल्या तरुणाची वाक्ये अशी होऊ शकतील: ‘चुलत भाऊ वाचेल आणि लग्नाच्या बैठकीत विषय काढेल.’ ‘वडिलांना कळेल की मी निकालाबाबत खोटे बोललो होतो.’ ‘सध्या ज्या संस्थेत शिकवतो तेथील संचालकांना वाटेल की नापास माणूस मुलांना काय शिकवणार.’

अशी वाक्ये लिहून झाली की प्रत्येकापुढे ते कशाविषयी आहे हे एका शब्दात नोंदवावे: लाज, नाते, नोकरी, कायदा किंवा सुरक्षितता. या वर्गवारीवर पुढचे सगळे अवलंबून आहे. ज्या भीतीपुढे केवळ ‘लाज’ असे लिहिले जाते तो धोका लेखकाने पत्करावा, कारण खऱ्या लेखनाची किंमत बहुधा तेवढीच असते. नाते आणि नोकरी यांबाबत प्रकाशनाआधी काही व्यवस्था करावी लागते. ती तिसऱ्या आणि पाचव्या पायरीत येते. कायदा किंवा सुरक्षितता असे लिहिले गेले असेल, तर तो भाग सध्या बाजूला ठेवावा.

लाज मोजताना आपण हमखास चुकतो. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, ओशाळवाणा वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या सुमारे निम्म्या जणांच्या ते लक्षात आले असेल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एकचतुर्थांश जणांनाच टी-शर्टवर कोण होते ते सांगता आले. आपल्या लेखाविषयीची आपली अटकळही बहुधा याच दिशेने फुगलेली असते.

तपासणी: यादीत एकही नाव नसेल तर विषय बहुधा फारच सुरक्षित निवडला आहे. प्रत्येक ओळीपुढे ‘सुरक्षितता’ असेल तर विषय बदलावा.

### २. विषय निवडताना सर्वांत मोठी जखम आधी घेऊ नका

संकोची लेखक बराच काळ गप्प राहिलेला असल्यामुळे बोलायचेच तर सगळ्यांत मोठी गोष्ट बोलू, असे त्याला वाटते. हा मोह टाळावा. पहिल्या लेखासाठी असा प्रसंग घ्यावा जो घडून संपला आहे, ज्याचे पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे आणि जो एका विश्वासू माणसाला आपण तोंडी, मध्ये न थांबता सांगू शकतो. सुरू असलेला घटस्फोट, गेल्या महिन्यातला मृत्यू, न्यायालयात चालू असलेले प्रकरण किंवा स्वतःचे निदान न झालेले आजारपण हे पहिल्या लेखाचे विषय नव्हेत. त्यांविषयी वहीत जरूर लिहावे. ती वही कोणालाही दाखवण्याचे बंधन नाही.

विषय लहान असला तरी चालतो. सहा वर्षांच्या अपयशाऐवजी त्या तरुणाने गावी परतल्यावर पहिल्यांदा किराणा दुकानात गेल्याचा प्रसंग घ्यावा, जिथे दुकानदाराने त्याला सवयीने ‘साहेब’ म्हटले. हा प्रसंग त्याचा एकट्याचा आहे, त्यात कोणावर आरोप नाही आणि तो लिहिताना त्याला लाज वाटणार आहे. पहिल्या लेखाला याहून अधिक काही लागत नाही.

एका बाबतीत मात्र सरसकट सल्ला देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. स्वतःची जात उघड करून लिहिणाऱ्या दलित लेखकाला, स्वतःची लैंगिक ओळख सांगणाऱ्या व्यक्तीला किंवा सासरच्या छळाविषयी लिहिणाऱ्या स्त्रीला मोजावी लागणारी किंमत इतरांच्या लाजेसारखी नसते. तिचा संबंध भाड्याच्या घराशी, कार्यालयातल्या वागणुकीशी आणि प्रत्यक्ष मारहाणीशीही असू शकतो. ‘बिनधास्त लिहा’ असे त्यांना सांगणाऱ्यांनी ती किंमत स्वतः मोजलेली नसते. अशा लेखकाने पहिल्या पायरीतील वर्गवारी दोनदा करावी आणि तिसरी पायरी जराही ढिली ठेवू नये.

इशारा: राग ताजा असताना निवडलेला विषय बहुतेक वेळा एका विशिष्ट माणसाला उद्देशून असतो. लेख वाचून कोणाचा चेहरा उतरलेला पाहण्याची इच्छा आहे, असे स्वतःला विचारावे. उत्तरात नाव आले तर तो मजकूर पत्र म्हणून लिहावा आणि पाठवू नये.

### ३. नाव, जागा आणि वाचकवर्ग आधी ठरवा

हे काम कंटाळवाणे असल्यामुळे बहुतेक जण ते वगळतात आणि नंतरचे बरेचसे त्रास येथूनच सुरू होतात.

प्रथम नाव. टोपणनावाने लिहिले तर लेखन खोटे ठरते, ही समजूत सोडून द्यावी. मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहून स्त्रियांच्या कोंडीविषयी जे लिहिले ते स्वतःच्या नावाने त्या काळी लिहिणे कठीण होते, आणि त्या लेखनाला कोणी आज लटके म्हणत नाही. मात्र टोपणनावाआड नाव लपवावे, अनुभव बनवू नये. न झालेला आजार, न केलेली नोकरी किंवा न भोगलेली जात स्वतःची म्हणून लिहिणे ही वाचकाची फसवणूक आहे.

टोपणनाव घ्यायचे तर ते नीट घ्यावे. नव्या खात्यासाठी वेगळा ईमेल पत्ता वापरावा आणि नेहमीचा मोबाइल क्रमांक देऊ नये. फेसबुक आणि इन्स्टाग्राम संपर्कयादीच्या आधारे ओळखीची माणसे सुचवतात, त्यामुळे जुन्याच क्रमांकावर काढलेले गुप्त खाते आत्याच्या किंवा साहेबांच्या पडद्यावर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून झळकू शकते. ॲपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी नाकारावी. स्वतःच्या जुन्या छायाचित्रांपैकी एकही तेथे वापरू नये. मूळ छायाचित्रात ठिकाणाची नोंद असू शकते आणि व्हॉट्सॲपवर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर ती नोंद तशीच पुढे जाते.

आता जागा. पहिला लेख कोठे टाकावा याचे माझे उत्तर ठरलेले आहे: जिथे वाचक मोजके आहेत आणि कोण आहेत हे ठाऊक आहे, तिथे. फेसबुकवर प्रत्येक पोस्टसाठी वाचकवर्ग निवडता येतो. सर्वांसाठी, केवळ मित्रांसाठी, काही मित्र वगळून, केवळ निवडलेल्या मित्रांसाठी किंवा केवळ स्वतःसाठी. इन्स्टाग्रामवर ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी करता येते. व्हॉट्सॲप स्टेटस चोवीस तासांनी जाते आणि ते कोणाला दिसावे हे ठरवता येते, पण लांब लेखासाठी ती जागा गैरसोयीची आहे. वर्डप्रेसवर पोस्टला पासवर्ड लावता येतो. दहा-बारा वाचकांसाठी ही सोय उत्तम आहे आणि ती फार कमी लोक वापरतात.

कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप ही पहिल्या लेखाची जागा नव्हे. तेथे लेखाखाली सुप्रभातचे फूल येते आणि त्याखाली काकांचा सल्ला येतो.

‘काही मित्र वगळून’ हा पर्याय निवडताना एक गोष्ट गृहीत धरावी, ती म्हणजे स्क्रीनशॉट. वगळलेल्या माणसापर्यंत मजकूर पोहोचायला एक उत्साही वहिनी पुरते. व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला तर तुम्हाला सूचनाही येत नाही. म्हणून वाचकवर्ग मर्यादित ठेवणे हा उशीर करण्याचा उपाय आहे, लपवण्याचा नव्हे, असे समजूनच लिहावे.

शासकीय किंवा निमशासकीय नोकरीत असणाऱ्यांनी आपल्याला लागू असलेले वर्तणूक नियम या टप्प्यावर वाचून घ्यावेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत शासनाच्या धोरणांवर जाहीर टीका करण्यास मनाई आहे. खासगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रातही गोपनीयतेची अट असते. ती बहुतेकांनी सही करताना वाचलेली नसते.

तपासणी: दुसऱ्या एखाद्या खात्यावरून किंवा लॉग-इन न करता आपले पान उघडून पाहावे. अनोळखी माणसाला जे दिसते तेवढेच तुमचे जाहीर रूप असते.

### ४. पहिला खर्डा: ‘मी’ला वाक्यात परत आणा

खर्डा पोस्टच्या चौकटीत लिहू नये. तेथे प्रकाशनाचे बटण बोटाच्या टोकाशी असते आणि समोर इतरांच्या लाइकची संख्या दिसत असते. वही, वर्ड किंवा नोट्स, काहीही चालेल. एका ठरावीक माणसाला सांगत आहोत असे धरून लिहावे; तो माणूस अस्तित्वात असलेला असावा आणि त्याच्याशी आपण ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत पहिला खर्डा व्हावा.

संकोच मराठी वाक्यात कसा लपतो हे ओळखायला शिकणे हे या पायरीतील मुख्य काम आहे. त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. लेखाची सुरुवात ‘मी काही लेखक नाही, सहज सुचले म्हणून’ अशी होते. ‘मी’च्या जागी ‘आपण’, ‘माणूस’ किंवा ‘कुणीतरी’ येतो. क्रियापद कर्मणी होते, म्हणजे ‘मी खोटे बोललो’ऐवजी ‘खोटे बोलले गेले’ असे लिहिले जाते. जिथे सांगण्यासारखी गोष्ट आली तिथेच तीन टिंबे पडतात. स्वतःचे म्हणणे सांगायच्या ऐन वेळी तुकोबांचा अभंग किंवा एखादा शेर मदतीला बोलावला जातो. आणि शेवटी, घडलेल्या गोष्टीची धार बोथट करण्यासाठी, बोधाचा परिच्छेद जोडला जातो.

आपल्या तरुणाच्या पहिल्या खर्ड्यात बहुधा असे वाक्य असेल: ‘आयुष्यात अपयश प्रत्येकाच्याच वाट्याला येते आणि माणूस त्यातूनच घडत जातो…’ या वाक्यात तो स्वतः कोठेही नाही. तेच त्याने असे लिहावे: ‘सलग तिसऱ्या वर्षी पूर्वपरीक्षेच्या यादीत माझा क्रमांक नव्हता, तेव्हा निकाल पुढे ढकलला आहे असे मी वडिलांना फोनवर सांगितले. त्यांनी विचारले, “मग मेसचे पैसे आत्ताच पाठवू का?” मी हो म्हणालो.’ दुसऱ्या रूपात एकही मोठा शब्द नाही, कोणतीही कबुली उद्गारचिन्हासह दिलेली नाही, तरी लेखकाने धोका पत्करला आहे हे वाचकाला लगेच कळते. धोका असतो तो मेसच्या पैशांना होकार देण्यात. तो तपशील गाळला की उरलेला लेख कोणाचाही होतो.

म्हणून खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदातून एक असे वाक्य शोधावे जे लिहिताना हात थबकला होता. ते वाक्य ठेवावे आणि त्याच्या आजूबाजूची सजावट काढावी. बहुतेक लेखक नेमके उलट करतात.

भाषेचा प्रश्नही येथेच सोडवावा. घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा मराठवाड्याची बोली बोलणारे अनेक जण लिहायला बसले की पाठ्यपुस्तकी मराठीत जातात, आणि आजीच्या तोंडी पुण्याच्या मुख्याध्यापकाचे वाक्य घालतात. त्यामागे ‘आनी-पानी’ लिहिले तर कोणी हसेल, ही भीती असते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून माणसांच्या तोंडचे बोलणे ते बोलले तसे लिहावे, ही मध्यम वाट पहिल्या लेखासाठी चांगली आहे; साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याला मुभा आहे. ज्याला संपूर्ण लेख बोलीत लिहायचा आहे त्याने अवश्य लिहावा, पण मग शेवटपर्यंत बोलीतच राहावे. अर्ध्यावर प्रमाण मराठीकडे वळलेला लेख घाबरल्यासारखा दिसतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या खऱ्या चुका मात्र कोणाकडून तरी तपासून घ्याव्यात. त्या ठेवल्या तर प्रतिक्रियांत चर्चा त्यांचीच होते आणि तुम्ही पत्करलेला धोका वाया जातो.

इशारा: एक वाक्य अधिक धक्कादायक व्हावे म्हणून तपशील वाढवलेला असेल, तर तो लगेच कापावा. प्रसंग आठवत नसेल तिथे ‘मला आता नीट आठवत नाही’ असे सरळ लिहावे. वाचकाला ते खटकत नाही.

### ५. लेखातील इतर माणसे

स्वतःविषयी लिहिताना आई, नवरा, मित्र, शिक्षक आणि वरिष्ठ आपोआप लेखात येतात, आणि त्यांनी त्या लेखाला संमती दिलेली नसते. प्रत्येक व्यक्तीबाबत तीन गोष्टी तपासाव्यात: तिचा उल्लेख लेखाला खरोखर लागतो का, ती ओळखू येते का, आणि तिच्याविषयी जे सांगितले आहे ते तिने सांगायचे होते का. वडिलांना खोटे सांगितले, ही तरुणाची गोष्ट आहे. वडिलांनी मेसच्या पैशांसाठी कोणाकडून उसने घेतले होते, ही वडिलांची गोष्ट आहे. ती त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये.

नाव बदलले म्हणजे माणूस लपला, असे होत नाही. गाव, व्यवसाय आणि नाते या तिन्हींचा मेळ बसला की गावातल्या कोणालाही ओळख पटते. लपवायचेच असेल तर त्यांपैकी किमान दोन तपशील बदलावेत आणि तसे बदलल्याचे लेखाच्या तळाशी एका ओळीत सांगावे. हयात आईवडिलांविषयी लिहिले असेल तर प्रकाशनाआधी तो भाग त्यांना वाचून दाखवावा, असे मी आग्रहाने सांगतो. त्यांनी नकार दिला तर काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पहिल्या लेखापुरते त्यांचे ऐकावे. विसाव्या लेखापर्यंत तुमचे मत वेगळे झालेले असू शकते. अर्थात ज्या आईवडिलांनीच इजा केली त्यांच्या परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. तिथे सुरक्षितता आणि कायदा यांचा विचार आधी करावा लागतो.

कायद्याबाबत थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. ‘मी खरे तेच लिहिले’ एवढा बचाव पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे होते हेही दाखवावे लागते. मृत व्यक्तीविषयीचा मजकूरही, तिच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असल्यास, या कलमात येऊ शकतो. बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे कलम ७२ खाली गुन्हा आहे, पीडितेने स्वतः किंवा तिच्या लेखी संमतीने केलेले प्रकाशन त्याला अपवाद आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये. यात शाळेचे नावही येते. ज्या मजकुरात जिवंत माणसावर गुन्ह्याचा आरोप आहे तो वकिलाला दाखवल्याशिवाय प्रसिद्ध करू नये. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘६६अ’खाली आत टाकू, अशी धमकी काही जण अजूनही देतात, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच रद्द केले आहे.

तपासणी: लेखातल्या प्रत्येक व्यक्तीच्या जागी बसून लेख एकदा मोठ्याने वाचावा. ‘हे माझ्याविषयी खोटे आहे’ असे म्हणता येईल अशी जागा सापडली तर तेथे ‘मला तेव्हा असे वाटले’ असे लिहून वाक्य स्वतःच्या अंगावर घ्यावे.

### ६. मजकूर थंड होऊ द्या, मग एकालाच दाखवा

खर्डा किमान तीन दिवस बंद ठेवावा आणि नंतर सकाळी, चहा झाल्यावर, मोठ्याने वाचावा. रात्री वाचू नये. वाचताना जिथे आवाज आपोआप खाली येतो त्या जागेवर खूण करावी. तो भाग एकतर लेखाचा गाभा असतो किंवा अजून प्रसिद्ध करण्याजोगा झालेला नसतो. यांपैकी काय, हे त्या लेखकालाच कळते.

मग एक वाचक निवडावा. अतिशय प्रेम करणारा माणूस येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो ‘छानच’ म्हणतो. कठोर समीक्षक संकोची माणसाला पुन्हा गप्प करतो. ज्याच्यासमोर तुम्ही पूर्वी एकदा अडचणीत सापडला होता आणि ज्याने ती गोष्ट इतरांना सांगितली नाही, असा माणूस योग्य. त्याला ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. तुला कंटाळा कोठे आला, मी कोठे काहीतरी लपवतो आहे असे वाटले आणि वाचून माझी काळजी वाटली का, एवढे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले तर लेख महिनाभर थांबवावा आणि त्या माणसाशी बोलावे.

दोनपेक्षा जास्त जणांना दाखवू नये. पाच जणांच्या सूचना मान्य केल्या की लेखात तुम्ही सोडून सगळे उरतात.

### ७. प्रकाशनाचा दिवस

वेळ सकाळची किंवा दुपारची निवडावी आणि प्रकाशनानंतरचे तीन-चार तास दुसऱ्या कामाने भरलेले असावेत: बँकेचे काम, प्रवास, स्वयंपाक. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वेळी लेख टाकणारा माणूस दिवसभर फोन चाळत बसतो.

लेखाच्या वर प्रस्तावना, माफी किंवा ‘मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तर वाचा’ अशी ओळ लिहू नये. कोणालाही टॅग करू नये. स्वतःचा किंवा घरातल्या मुलांचा फोटो जोडू नये. सार्वजनिक पोस्ट असेल तर प्रतिक्रिया कोणी द्याव्यात हे फेसबुकवर ठरवता येते. पहिल्या लेखासाठी ती सोय केवळ मित्रांपुरती ठेवावी. लेखाची मूळ प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी, कारण खाते बंद पडले किंवा पोस्ट उडवली गेली तर दुसरी प्रत कोठेही नसते.

प्रकाशनानंतर मजकुरात वारंवार दुरुस्त्या करू नयेत. फेसबुकवर संपादित पोस्टचा आधीचा मजकूरही पोस्ट दिसणाऱ्यांना पाहता येतो. गुपचूप मवाळ केलेले वाक्य अधिक लक्ष वेधून घेते.

इशारा: पहिले अठ्ठेचाळीस तास लेख काढून टाकायचा नाही, असे आधीच कागदावर लिहून ठेवावे. अपवाद दोनच: कोणाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण झाला, किंवा तुमच्या हातून कोणाची ओळख उघड झाली.

### ८. पहिले दोन दिवस

सर्वांत अधिक वेळा घडणारी गोष्ट म्हणजे काहीच न घडणे. सात-आठ लाइक, एक बदाम, मावसबहिणीचे ‘खूप छान’. कित्येक संकोची लेखक टीकेला तोंड देण्याची जय्यत तयारी करतात आणि या शांततेने कोलमडतात. ज्यांनी लेख मनापासून वाचला ते जाहीर काही लिहीत नाहीत, असा माझा अनुभव आहे; त्यांतला एखादा महिन्याने लग्नात भेटतो आणि हळूच सांगतो. लाइकच्या संख्येवरून लेखाचा निकाल लावू नये.

प्रतिक्रियांना दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी उत्तरे द्यावीत. तथ्याची चूक दाखवणाऱ्याचे आभार मानून दुरुस्ती करावी. शुद्धलेखनावरून टोचणाऱ्याला चूक खरी असेल तर ‘दुरुस्त केले’ एवढेच उत्तर पुरे. ‘हे असे चव्हाट्यावर मांडायची गरज होती का?’ असे विचारणाऱ्याला स्पष्टीकरण देत बसू नये, कारण लेख हेच ते स्पष्टीकरण आहे. शिवीगाळ करणाऱ्याशी वाद न घालता आधी स्क्रीनशॉट आणि पोस्टची लिंक जपावी, मग त्याला ब्लॉक करावे. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी ब्लॉक केले तर पुरावा पुन्हा मिळणे अवघड होते. धमकी, पाठलाग किंवा छायाचित्रांचा गैरवापर झाला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. जातिवाचक शिवीगाळ झाली तर अनुसूचित जाती-जमातींतील लेखकाला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घेता येतो.

इनबॉक्सची तयारी कोणी करत नाही. मोकळेपणाने लिहिलेल्या लेखानंतर अनोळखी माणसे स्वतःच्या गोष्टी, कधी फार जड गोष्टी, पाठवतात. प्रत्येकाला दीर्घ उत्तर देणे शक्य नसते आणि ते तुमचे कर्तव्यही नाही. ‘तुमचे पत्र वाचले, तुम्ही विश्वास ठेवलात याबद्दल आभार’ एवढे प्रामाणिक उत्तर द्यावे. कोणी जीव देण्याची भाषा केली असेल तर मात्र उशीर न करता त्याला १४४१६ हा टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा, त्याच्याजवळ कोण आहे ते विचारावे आणि शक्य असल्यास त्या व्यक्तीशी संपर्क साधावा. आलेले पत्र नाव काढूनसुद्धा पुढच्या लेखात वापरू नये.

घरून फोन येऊ शकतो. त्यासाठी एक वाक्य आधी ठरवून ठेवावे आणि तेच पुन्हा म्हणावे, उदाहरणार्थ: ‘जे लिहिले ते माझ्याविषयी आहे, तुमच्याविषयी काही खटकले असेल तर ते वाक्य मला दाखवा, मी विचार करेन.’ फोनवर लेखाचे समर्थन करत बसले की पुढचा लेख लिहिण्याची इच्छा तेथेच संपते.

### ९. पुढचा लेख

आठवडाभराने पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढावा आणि प्रत्येक भीतीपुढे प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे. चुलत भावाने विषय काढला का? संचालकांनी वाचले तरी का? ज्या ओळी खोट्या ठरल्या त्या खोडाव्यात. ज्या खऱ्या ठरल्या त्यांच्यासमोर पुढच्या वेळी कोणती व्यवस्था करायची हे नोंदवावे. नाव बदलायचे, वाचकवर्ग लहान करायचा की विषयाचा तो भाग काही वर्षे पुढे ढकलायचा.

दुसऱ्या लेखात एकच गोष्ट वाढवावी. विषय अधिक नाजूक घेतला तर वाचकवर्ग तोच ठेवावा. वाचकवर्ग मित्रांवरून सर्वांसाठी खुला केला तर विषय पहिल्याइतकाच सौम्य ठेवावा. टोपणनाव सोडून स्वतःचे नाव लावायचे असेल तर बाकी काहीही बदलू नये. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि त्रास झाला, तर तो कशामुळे झाला हे कळत नाही, आणि मग माणूस सगळेच बंद करतो. दोन लेखांत किमान पंधरा दिवसांचे अंतर असावे. त्या काळात नवा कागद घेऊन भीतीची पुढची यादी करता येते, आणि ती पहिलीपेक्षा लहान झाली आहे की केवळ वेगळी, हे पाहून तिसऱ्या लेखाचा विषय ठरवावा.